चर्च ते टीव्ही: मँडिसाचा आवाज

टीव्हीवर गाण्याचा शो लागला की आपण सगळे सोफ्यावर बसल्याबसल्या परीक्षक होतो. सूर कुठे घसरला हे सांगतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "आवाज छान आहे हो, पण जरा बारीक व्हायला हवं हिने." शेजारी आपली मुलंही बसलेली असतात. आजची गोष्ट अशाच एका वाक्याची.

मँडिसा हंडली मूळची कॅलिफोर्नियाची. लहानपणापासून चर्चमध्ये गायची. पुढे नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात संगीत शिकली. १८७१ मध्ये याच संस्थेचे विद्यार्थी, त्यातले कित्येक गुलामगिरीत जन्मलेले, आपली भक्तिगीतं गात गावोगावी फिरले आणि कॉलेज वाचवण्यासाठी पैसे उभे केले. शिक्षण झाल्यावर मँडिसा मोठ्या गायकांच्या मागे कोरसमध्ये उभी राहायची आणि महिलांच्या मेळाव्यांत उपासनेची गाणी गायची. पोट भरत होतं, पण नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

मग 'अमेरिकन आयडॉल'चा पाचवा सीझन आला. (अभिजीत सावंत जिंकला तो आपला 'इंडियन आयडॉल' याच घराण्यातला.) ऑडिशनमध्ये ती निवडली गेली. ती खोलीबाहेर पडताच परीक्षक सायमन कॉवेल यांनी तिच्या वजनावर विनोद केला. तोही कॅमेऱ्यासमोर, म्हणजे देशभर दिसला.

पुढच्या फेरीचा निकाल ऐकायला ती परीक्षकांसमोर बसली, तेव्हा तिने विषय स्वतःच काढला. तुमच्या बोलण्याने मी दुखावले, रडले, हे तिने स्पष्ट सांगितलं. आणि येशूने माझ्या चुका माफ केल्या, तर मीही तुम्हाला माफ करते, असंही. कॉवेल यांनी उठून तिला मिठी मारली, माफी मागितली. मला यात क्षमेइतकंच महत्त्वाचं वाटतं ते आधीचं वाक्य. आपल्याकडे "जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस" म्हणतात, तसं तिने केलं नाही. दुखलं हे सांगून मग माफ केलं.

स्पर्धेत तिने मेरी मेरी या जोडीचं 'शॅकल्स' हे गॉस्पेल गाणं गायलं. पुढच्याच आठवड्यात ती बाहेर पडली, नवव्या क्रमांकावर. २००७ मध्ये तिचा पहिला अल्बम आला. २०१४ मध्ये 'ओव्हरकमर'साठी ग्रॅमी मिळालं. त्या सोहळ्याला मात्र ती गेलीच नव्हती.

त्याच वर्षी जवळची मैत्रीण स्तनाच्या कर्करोगाने गेली. मँडिसा नैराश्यात बुडाली, घराबाहेर पडेना, मेहनतीने कमी केलेलं वजन परत वाढलं. हे सगळं तिने पुढे उघडपणे सांगितलं, लिहिलं. संकटावर मात करण्याची गाणी गाणाऱ्या बाईने असं बोलणं सोपं नसणार. २०१७ मध्ये ती नव्या अल्बमसह परतली.

एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, ती गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस 'अमेरिकन आयडॉल'च्या मंचावर तीन माजी स्पर्धक तिच्या आठवणीसाठी उभे राहिले. त्यांनी गाणं निवडलं होतं 'शॅकल्स'.