सुई खाली उतरते, लस वरच अडते

वारंगा फाट्यावर तासभर उभे राहिले, तरी या भागातील आरोग्यव्यवस्थेचे चित्र डोळ्यांपुढे येते. हिंगोली-कळमनुरीकडून येणारा रस्ता येथे नागपूर-तुळजापूर महामार्गाला मिळतो आणि नांदेडची वाट धरतो. खिचडीसाठी थांबलेल्या गाड्यांच्या गर्दीतून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका भोंगा वाजवीत निघून जाते. आत अडलेली बाळंतीण असते, नाहीतर अपघातात रक्तबंबाळ झालेला कोणी मोटारसायकलस्वार. फाट्यावरचा माणूस रुग्णासाठी मनोमन हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रक्ताने पुढच्या काही तासांत ज्यांचे हात माखणार आहेत, त्या परिचारिकेचा, कक्षसेवकाचा, आयाबाईचा आणि रात्री फरशी पुसणाऱ्या सफाई कामगाराचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. खेदाची गोष्ट अशी, की तो आपल्या चळवळीच्याही मनात फारसा येत नाही.

हिपॅटायटिस-बी हा यकृताचा रोग इस्पितळात रक्तावाटे पसरतो. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीशी त्याचे नाव जुळते, वर्तन जुळत नाही. सुकलेल्या रक्ताच्या डागातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता शेकडा ६ ते ३० मानली जाते. ज्या एचआयव्हीच्या नुसत्या नावाने अख्खा वॉर्ड हादरतो, त्याच्या बाबतीत ती हजारी ३ च्या आसपास आहे. अनेकांना लागण झाल्याचे कळतही नाही. काहींच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो आणि कित्येक वर्षांनी सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊन समोर उभा राहतो. तोवर कंत्राटदार बदललेला असतो, हजेरीपट रद्दीत गेलेला असतो, आणि आपल्या घरचा माणूस कोणत्या वॉर्डात टोचलेल्या सुईने गेला, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसते.

आणि हे सारे टाळता येण्याजोगे आहे, हीच यातील सर्वांत संतापजनक गोष्ट होय. या विषाणूवर १९८० च्या दशकाच्या आरंभापासून लस आहे. सहा महिन्यांत तीन मात्रा, आणि नंतर ती अंगी लागली की नाही हे पाहणारी रक्ताची एक तपासणी, एवढाच हा खटाटोप. एके काळी परदेशी लस सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि ती सबब संपली. वारंगा फाट्यावरून नांदेड-देगलूरमार्गे दक्षिणेकडे जाणारा रस्ता त्याच हैदराबादच्या दिशेने जातो. आज ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात देशातील प्रत्येक बालकासाठी मोफत आहे. मग त्या बालकाच्या जन्माच्या वेळचे रक्त पुसणाऱ्या बाईपर्यंत ती पोचली की नाही, हे विचारायला कोणाची जीभ का रेटत नाही?

याचे उत्तर इस्पितळाच्या उतरंडीत आहे. सुईचा प्रवास पाहा. डॉक्टर ती वापरण्याचा आदेश देतो, परिचारिका ती टोचते, कक्षसेवक ट्रे उचलतो, सफाई कामगार डबा रिकामा करतो, आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीवरचा मजूर पिशवी खांद्यावर घेतो. सुई पायरीपायरीने खाली उतरते. तिच्याबरोबर ज्ञान, हातमोजे आणि लसही खाली उतरायला हवी होती. परंतु ती वरच्या दोन पायऱ्यांवरच अडते. वैद्यकीय विद्यार्थ्याला पुस्तकातून सुईचे भय कळते. सफाई कामगाराला ते सुई टोचल्यावर कळते. या उतरंडीच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींची माणसे उभी आहेत, हे या पत्राच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बहिष्कृतांच्या माथी मारलेली घाण आज पिवळ्या-तांबड्या पिशव्यांत भरली जाते, एवढाच काय तो फरक.

व्यवस्थापनाचे पहिले उत्तर ठरलेले असते: कामगार निष्काळजी आहेत. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण लावू नये, हे खरेच आहे. पण ज्या वॉर्डात एका परिचारिकेच्या अंगावर चार जणींचे काम पडते, सुई जागच्या जागी कापणारे यंत्र बंद असते आणि न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्याऐवजी सलाइनची रिकामी बाटली ठेवलेली असते, तेथे निष्काळजी कोण? थकलेल्या हाताला दोष देणे सोपे असते, त्या हाताला थकविणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारणे अवघड असते.

दुसरे उत्तर अधिक साळसूद असते: लसीकरणाचा आदेश निघालेला आहे. होय, निघालेला आहे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम. रुग्णालयाचा कारभार ज्याच्या हाती, त्याने आपल्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना ‘आणि इतरांना’, म्हणजे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस द्यावी. कामावर घेताना आणि वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करावी, असे हे नियम सांगतात. ‘आणि इतरांना’ या दोन शब्दांवर कार्यकर्त्यांनी बोट ठेवावे. कामगार कोणाच्या मस्टरवर आहे, असा प्रश्न नियमाने विचारलेला नाही. कचरा कोणाच्या हाती आहे, एवढेच विचारले आहे. कंत्राटदाराकडे बोट दाखवून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत.

परंतु कंत्राटी पद्धत नेमकी याचसाठी असते. अकरा महिन्यांची नेमणूक, मग खंड, मग नवा ठेकेदार आणि जुनाच माणूस. पहिली मात्रा एका ठेकेदाराच्या काळात मिळालीच, तर तिसरी कोणाच्या काळात मिळायची? नोंदवही ठेकेदाराबरोबर जाते, कामगार तिथेच राहतो. आणि त्याच नियमांत ‘मोठ्या अपघाता’ची व्याख्या करताना सुई टोचण्याचा प्रकार स्पष्टपणे वगळला आहे. कचऱ्याची गाडी उलटली तर तो मोठा अपघात. माणसाच्या बोटात मृत्यू शिरला तर ती वार्षिक अहवालातील किरकोळ बाब!

तळाच्या माणसाकडे आपण कसे पाहतो, याचा एक प्रसंग याच परिसरात घडला. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. दोन दिवसांनी हिंगोलीचे त्या वेळचे खासदार तेथे पोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. देशभर ते चित्र पाहिले गेले. काहींना अधिष्ठात्यांच्या अपमानाचा राग आला, काहींनी टाळ्या वाजविल्या. पण झाडू हाती देणे ही शिक्षा ठरते, याचा अर्थ काय? ज्यांच्या हातात तो झाडू रोजच असतो, ते कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगत आहेत? सफाई कामगारांची किती पदे भरलेली आहेत, त्यांना हातमोजे व लस मिळते काय, हे त्या दिवशी विचारले गेले असते, तर तो दौरा रुग्णांच्याही उपयोगी पडला असता. कारण दूषित सुई दोन्ही दिशांना टोचते. २००९ साली गुजरातेतील मोडासा परिसरात पुन्हापुन्हा वापरलेल्या सुयांनी हिपॅटायटिस-बीची साथ पसरविली आणि कित्येक रुग्णांचे बळी घेतले.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही मालकांना आपणहून दया आली नव्हती. तेथील सार्वजनिक नोकरांच्या व रुग्णालय कामगारांच्या संघटनांनी १९८६ साली सरकारकडे कायदेशीर मागणी दाखल केली. १९९१ साली मालकाने स्वखर्चाने लस दिलीच पाहिजे असा नियम झाला. १९८३ मध्ये तेथे वर्षाला दहा हजारांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लागण होत असे. शतक संपताना तो आकडा चारशेच्या आत आला. लस जुनीच होती, तिला संघटनेचे बळ मिळाले.

आपल्या युनियनांनी वेतन, बोनस व कायमपणा यांसाठी लढे दिले. ते द्यायलाच हवे होते. पण मागण्यांच्या यादीत लस कितव्या क्रमांकावर होती? बहुधा नव्हतीच. कामावर घेताना रक्त तपासण्याचा आग्रह आपण धरला नाही. आरोग्यसेवेत लागणारा संसर्गजन्य रोग हा व्यवसायजन्य रोग आहे, असे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातच नोंदलेले होते आणि आजच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आले आहे. परंतु लागण नोकरीत झाली हे दाखवायला नोकरीच्या पहिल्या दिवशीचा कागद लागतो. तो कागद नसेल, तर कायदा कपाटात राहतो.

हिंगोलीत नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. तेथे विद्यार्थी येतील, परिचारिका येतील आणि त्यांच्यामागून ठेकेदाराची माणसेही येतील. घडी बसण्यापूर्वीच बोलले पाहिजे. साथींनी पुढील ३० जूननंतर प्रत्येक रुग्णालयात जावे. त्या तारखेपर्यंत जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल सादर करण्याचे बंधन आहे. त्यातील अपघातांचा रकाना वाचावा. तेथे शून्य दिसले, तर त्याच दिवशी सफाई कामगारांना एकत्र बसवून कोणाकोणाला सुई टोचली ते विचारावे. लसीकरणाची नोंदवही मागावी आणि ती शेवटच्या पानापासून वाचावी. प्रत्येक कामगाराच्या हाती त्याच्या मात्रांचे स्वतःचे कार्ड असावे. सुई टोचताच जखम साबण-पाण्याने धुवावी आणि लस न घेतलेल्याला शक्यतो चोवीस तासांत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन व लशीची पहिली मात्रा मिळावी. त्यासाठी ठेकेदाराच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागू नये. आणि ज्याला लागण झालेली आढळेल त्याला उपचार मिळावेत, त्याची भाकरी काढून घेतली जाऊ नये.

फाट्यावरून पुढची रुग्णवाहिका जाईल तेव्हा रुग्णासाठी हात जोडावेतच. पण ते हात खाली घेताना एवढा प्रश्न स्वतःला विचारावा: तिच्या मागून रक्त पुसायला जी बाई येणार आहे, तिची तिसरी मात्रा झाली काय?