फॉर्मॅट मारण्याआधी थोडं थांबा



१ जून ते ३१ जुलै बंदी. या दोन महिन्यांत आपण काय काय करतो ते सांगायला नको. होड्या वर ओढून शाकारतो, ट्रॉलरचं इंजिन खोलतो, तळाला रंग लावतो, जाळी सांधतो, व्हीएचएफ आणि जीपीएस चालतात का बघतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. मग ऑगस्ट उजाडतो. डिझेलची बिलं, बर्फाचा हिशेब, सभासदांची येणी-देणी सगळं एकदम अंगावर येतं, आणि नेमका तेव्हाच तो निळा पडदा दाखवून बसतो.

कोणीतरी दुरुस्तीवाल्याला फोन लावतो. तो येतो, दोनदा चालू-बंद करतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "विंडोज करप्ट झालंय, फॉर्मॅट मारावं लागेल." आपण मान डोलावतो. माझं म्हणणं एवढंच की ही मान इतक्या लवकर डोलवू नये. कित्येकदा बिघडलेली असते ती फक्त कॉम्प्युटरची सेटिंगची नोंदवही, आणि ती परत आणता येते. अट एकच, तिची चांगली प्रत आधी कुठेतरी ठेवलेली हवी. ती ठेवणं हे संस्थेचं काम आहे, दुरुस्तीवाल्याचं नाही.

ही नोंदवही म्हणजे काय?

विंडोजमध्ये तिला रजिस्ट्री म्हणतात. प्रिंटर कोणता जोडलाय, हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठे बसवलंय, डिजिटल सहीच्या टोकनला कोणता ड्रायव्हर लागतो, कोण कोणत्या नावाने लॉगिन करतो, चालू होताना आधी काय उठवायचं आणि नंतर काय, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. ती एकच वही नाही. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात कॉन्फिग नावाचं फोल्डर आहे. तिथे सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट या पाच मुख्य फाइली असतात. शिवाय लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाची एक वेगळी फाइल असते. सिस्टमची फाइल खराब झाली की कॉम्प्युटर उठतच नाही. सॅममध्ये खाती आणि पासवर्डची माहिती असते.

तुमची हिशेबाची माहिती, सभासदांची यादी, पत्रं, फोटो यात नसतात. ते वेगळे. म्हणून "डेटा काढून ठेवला, आता फॉर्मॅट मारा" हे ऐकायला बरं वाटतं, पण अर्धंच खरं आहे. फॉर्मॅटनंतर विंडोज कोरं होऊन येतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवा, त्याचं लायसन्स पुन्हा चालू करा, टोकनचा ड्रायव्हर शोधा, प्रिंटर जोडा, वजनकाट्याची वायर लावली तर तो आकडा दाखवत नाही. ज्याने हे सगळं चार वर्षांपूर्वी बसवलं तो माणूस आता दुसरीकडे कामाला. व्हॅट परताव्याचे कागद वेळेत गेले नाहीत तर ट्रॉलरमालकाचे पैसे अडकतात. ते नुकसान दुरुस्तीच्या बिलात कुठेच दिसत नाही.

नोंदवही बिघडते कशी? फाइलवर लिहिणं चालू असताना वीज गेली, हार्ड डिस्क म्हातारी झाली, अपडेट मध्येच तुटलं, किंवा कोणीतरी "कॉम्प्युटर फास्ट करा" म्हणणारं फुकटचं क्लीनर सॉफ्टवेअर चालवलं. अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायला विंडोज बाजूला कच्ची टिपणं ठेवतं, त्यामुळे बहुतेक वेळा वीज जाऊनही काही होत नाही. पण दर वेळी नशीब साथ देत नाही. आपल्याकडे खारा वारा, दमट हवा आणि पावसात येणारी-जाणारी वीज. किनाऱ्यावरच्या यंत्राला आयुष्य कमीच, हे होडीच्या बाबतीत आपल्याला कळतं, कॉम्प्युटरच्या बाबतीत विसरतो.

प्रत होती, मग ती रिकामी झाली

आता मुद्द्याचं बोलतो. जुन्या विंडोजना या धोक्याची जाण होती. विंडोज ९८ रोज पहिल्यांदा नीट चालू झालं की नोंदवहीची प्रत काढून ठेवायचं, आणि अशा पाच प्रती राखायचं. बिघाड झाला तर डॉसमध्ये जाऊन एक आज्ञा द्यायची, कालची किंवा परवाची प्रत निवडायची, झालं काम.

विंडोज एक्सपीमध्ये रिपेअर नावाचं एक फोल्डर असायचं. त्यात विंडोज बसवल्या दिवशीची नोंदवही असे. ती टाकली की कॉम्प्युटर उठायचा, पण त्याला नंतर बसवलेलं काहीच ओळखू यायचं नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टने टप्प्याटप्प्याची रीत सांगितली होती: आधी त्या जुन्या प्रतीवर मशीन कसंबसं उभं करा, मग रिस्टोअर पॉइंटच्या लपवलेल्या फोल्डरमधून अलीकडची प्रत काढा आणि ती जागेवर ठेवा. जुनी प्रत किनाऱ्याला आणते, ताजी प्रत घरी पोचवते.

विंडोज ७ मध्ये रेगबॅक नावाचं फोल्डर होतं. दर दहा दिवसांनी नोंदवहीची प्रत आपोआप तिथे जायची. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी कित्येक कॉम्प्युटर फॉर्मॅटशिवाय वाचवले.

आणि मग २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०३ ही आवृत्ती आली. तिच्यापासून मायक्रोसॉफ्टने ही आपोआप निघणारी प्रत बंद केली. फोल्डर तिथेच राहिलं. फाइलींची नावं तिथेच राहिली. फक्त त्यांचा आकार शून्य झाला. ठरल्या वेळी काम "यशस्वी" झाल्याची नोंदही होत राहिली. लोकांनी विचारलं तेव्हा कंपनीने सांगितलं की ही चूक नाही, हे मुद्दाम केलंय, विंडोजने डिस्कवर व्यापलेली जागा कमी व्हावी म्हणून. त्याऐवजी सिस्टम रिस्टोअर वापरा.

मला हे पटलेलं नाही. जागा वाचवण्याचं कारण मी समजू शकतो, लहान डिस्कचे स्वस्त लॅपटॉप तेव्हा पुष्कळ निघाले होते. पण वाचली किती जागा? मोबाईलवर काढलेला एखादा लग्नाचा व्हिडिओ त्याहून जास्त जागा खातो. आणि ज्या सिस्टम रिस्टोअरकडे बोट दाखवलं ते कितीतरी कॉम्प्युटरवर बंदच असतं, कोणीतरी जाऊन चालू करावं लागतं. मोठ्या कंपनीत त्यासाठी माणसं असतात. जेटीवरच्या ऑफिसात कोण असणार?

त्याहून वाईट म्हणजे रिकामी फाइल नावाला तशीच ठेवणं. लाईफ जॅकेटची पेटी बोटीवर नसेल तर तांडेल ओरडेल, आणा म्हणेल. पेटी आहे, वर नाव लिहिलंय, पण आत काहीच नाही, हे कळायला बोट बुडावी लागते. प्रत नसेल तर माणूस सावध तरी राहतो. रिकाम्या प्रतीच्या भरवशावर तो गाफील राहतो. जुन्या सवयीने कोणी त्या शून्य आकाराच्या फाइली मूळ फाइलींवर चढवल्या तर थोडंफार जे उरलं होतं तेही गेलं.

मग करायचं काय?

यातलं पहिलं काम ऑफिसातला कोणीही करू शकतो. बाकीची जाणकाराकडून करून घ्यावीत.

१. सिस्टम प्रोटेक्शन चालू आहे का बघा. नसेल तर सी ड्राइव्हसाठी चालू करा, थोडी जागा राखून द्या. नवीन सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर टाकण्याआधी स्वतः एक रिस्टोअर पॉइंट बनवा. रिस्टोअर केल्याने तुमची पत्रं आणि हिशेब मागे जात नाहीत. त्या तारखेनंतर बसवलेली सॉफ्टवेअरं आणि ड्रायव्हर मात्र जातात.

२. रेगबॅकची जुनी सोय पुन्हा चालू करता येते. नोंदवहीतच "एनेबल पीरिऑडिक बॅकअप" या नावाची एक किंमत १ करून ठेवायची, एवढंच. मायक्रोसॉफ्टनेच ही वाट सांगितली आहे. हे जाणकाराकडून करा, आणि काही दिवसांनी फोल्डर उघडून आकार शून्य नाही ना ते बघा.

३. वरच्या दोन्ही प्रती त्याच डिस्कवर असतात. डिस्कच मेली तर त्याही गेल्या. खंडणी मागणारे व्हायरस तर आधी रिस्टोअर पॉइंटच पुसतात. म्हणून सगळ्या सी ड्राइव्हची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्या तावडीतून सुटत नाही.

४. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी चावी कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. दुरुस्तीच्या वेळी पडदा तीच मागतो.

आणि बिघाड झालाच तर क्रम लक्षात ठेवा. आधी डेटा बाहेर काढा, दुरुस्ती त्यानंतर. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा उठलं नाही की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग सिस्टम रिस्टोअर. बरीच कामं इथेच होतात. नाही झालं तर जाणकाराने कमांड प्रॉम्प्टमधून नोंदवहीच्या फाइली बदलायच्या. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून खरा विंडोज कुठल्या ड्राइव्हवर आहे ते आधी बघायचं. प्रतींचा आकार आणि तारीख बघायची. खराब फाइली पुसायच्या नाहीत, त्यांची नावं बदलून बाजूला ठेवायच्या. मग शक्यतो एकाच दिवसाच्या प्रती जागेवर आणायच्या. कॉम्प्युटर उठला की डिस्क तपासायची, कारण डिस्कच खराब असेल तर आठ दिवसांत तोच तमाशा पुन्हा.

दुरुस्तीवाल्याची बाजू

तो फॉर्मॅट का सुचवतो हेही समजून घ्या. फॉर्मॅटला किती वेळ लागेल ते त्याला माहीत असतं. नोंदवही परत आणण्यात दोन तास जातील आणि शेवटी जमेल याची खात्री नाही. त्या दोन तासांचे पैसे आपण देतो का? "काहीच केलं नाहीस, नुसता बसलास" म्हणून घासाघीस करतो. शिवाय मशीनमध्ये व्हायरस पसरला असेल तर फॉर्मॅटच बरा, आणि डिस्क मरायला टेकली असेल तर ती बदलून नव्याने विंडोज बसवणंच शहाणपणाचं. तेव्हा दोष एकट्या त्याचा नाही. पण फॉर्मॅट हा शेवटचा उपाय असावा, आणि तो शेवटचा ठरवण्याचा हक्क संस्थेचा. रिस्टोअर करून बघितलं का, रेगबॅकमधल्या फाइलींचा आकार किती, डिस्क तपासली का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नका. आणि प्रयत्नाचे पैसे ठरवून द्या, जमो न जमो.

कोणी म्हणेल, आता सगळं ऑनलाइन आहे, एवढं कशाला? फाइली ऑनलाइन गेल्या असतील, पण टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, काटा आणि लायसन्स याच मशीनवर आहेत. नेट चालू असून बिल छापता येत नसेल तर रांगेतल्या माणसाला त्याचं काय?

माझी सूचना साधी आहे. संस्थेच्या येत्या बैठकीत एक ठराव करा. कॉम्प्युटरच्या प्रतींची जबाबदारी एका माणसाच्या नावावर द्या, आणि ती सुटीवर असेल तर दुसरं कोण तेही लिहा. एक साधी वही ठेवा: प्रत कधी घेतली, कुठे ठेवली, आकार किती, आणि उघडून बघितली का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उघडून न बघितलेली प्रत धरू नये. वर्षातून एकदा, बंदीच्या काळात, बाहेरच्या डिस्कवरून एखादी फाइल परत आणून बघा. जुलै संपायच्या आत हे झालं पाहिजे. एका डिस्कचा खर्च आणि एक दुपार, एवढंच लागतं.

दर वर्षी आपण जाळीचा एकेक डोळा हाताने चाचपून बघतो. फाटलेलं जाळं पाण्यात टाकून मग रडत बसत नाही. ऑफिसातल्या त्या डब्यावरही आता तीनशे घरांचा नाही, तरी आपल्या सगळ्या घरांचा हिशेब चालतो. त्यालाही एकदा हात लावून बघूया.