जहाजाला गुणपत्रिका, मग आमच्या वसतिगृहाला का नाही?

आमच्या वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. इथल्या बहुतेक माणसांनी जहाज पाहिले असेल ते सिनेमात. तरीही फेब्रुवारी 2021 मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावात जे घडले, ते नीट समजून घ्यायचे तर समुद्रावरच्या जहाजांकडे पाहावे लागते, असे आमचे मत आहे.

आधी देगाव. तिथल्या निवासी शाळेच्या वसतिगृहात 327 विद्यार्थी राहत होते. त्यांपैकी 229 जण कोरोनाबाधित निघाले. बाधितांमध्ये 151 मुले अमरावती जिल्ह्यातली होती, 55 यवतमाळची, आणि आपल्या वाशिमची फक्त 11. म्हणजे बहुतेक मुले घरापासून लांब, परक्या जिल्ह्यात. राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग 27 जानेवारीला सुरू झाले होते, त्याला महिनाही उलटला नव्हता.

आता जहाज. बरोबर एक वर्ष आधी, फेब्रुवारी 2020 मध्ये, जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे पर्यटन जहाज अडवून ठेवले होते. जहाजावर 3,711 माणसे होती. 712 जणांना लागण झाली. सगळ्या जगाचे कॅमेरे त्या जहाजावर रोखलेले होते.

हिशेब करून पाहा. जहाजावर शंभरात 19 जणांना लागण झाली, देगावात शंभरात 70 मुलांना. दोन्हीकडचा काळ वेगळा, माणसांची वये वेगळी, परिस्थिती वेगळी. म्हणून या दोन आकड्यांवरून कोणाला फासावर लटकवा असे आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट या आकड्यांतून नाकारता येत नाही. साथीच्या दृष्टीने आमचे वसतिगृह हे जमिनीवर उभे असलेले जहाजच आहे. एकच स्वयंपाकघर, एकच पाण्याची टाकी, सामायिक संडास, शेजारी शेजारी अंथरुणे, आणि मनात आले म्हणून निघून जाता येत नाही. फरक एवढाच की जहाजावर माणूस पैसे मोजून मौजेसाठी चढतो. वसतिगृहात आमचे लेकरू शिकण्यासाठी येते, कारण त्याच्या गावात किंवा तांड्यावर पुढची शाळा नसते आणि आईबाप ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गेलेले असतात.

कोणी म्हणेल, श्रीमंतांच्या जहाजाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. त्या जहाजावर 1,045 कर्मचारी होते आणि त्यांत 132 भारतीय होते. प्रवासी म्हणून गेलेले भारतीय फक्त 6. 5 फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या खोलीत बंद केले. कर्मचारी मात्र कामावरच राहिले. खोल्या दोघातिघांत, जेवण एकत्र, आणि वर प्रवाशांच्या दारोदार ताटे पोचवायची. कर्मचाऱ्यांमधल्या पहिल्या 20 बाधितांपैकी 15 जण जेवणखाण विभागातले होते, असे नंतरच्या तपासणीत दिसले. जो हात सगळ्यांना वाढतो, त्याच हाताला आराम नाही, स्वतंत्र खोली नाही. आणि रोग थांबावा अशी अपेक्षा!

इथे बाबासाहेबांची आठवण येते. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यातल्या 'मनोगता'त बाबासाहेबांनी दोन प्रतिमा वापरल्या. एक सगळ्यांना ठाऊक आहे : हिंदू समाज हा मनोरा आहे, जात हा त्याचा मजला, आणि मजल्या-मजल्यांत जिना नाही. दुसरी प्रतिमा कमी सांगितली जाते : समाज ही बोट आहे, आणि दुसऱ्या उतारूचे नुकसान करणाऱ्यालाही शेवटी त्याच पाण्यात बुडावे लागते. या अग्रलेखाला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि पाचच दिवसांनी योकोहामात त्या जहाजाचे दरवाजे बंद झाले. वरच्या मजल्यावर प्रवासी, खालच्या मजल्यावर कामगार, बोट मात्र एकच. खालच्या मजल्यावरचा ताप वर चढायला जिना लागत नाही, हे शंभर वर्षांनी जगाने पाहिले.

पण या लेखाचा खरा मुद्दा पुढे आहे. जहाजांच्या बाबतीत जगाने एक शहाणपणा केला आहे, आणि तो आमच्यापर्यंत कोणी येऊ दिलेला नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पर्यटन जहाजांवर पोटाच्या आजारांच्या अनेक साथी आल्या. तेव्हा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी सुरू केली. परदेशांतून अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजावर तपासनीस न सांगता येतात. पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, शिळे-ताजे अन्न, हात धुण्याची सोय, आजाऱ्यांची नोंद असे सगळे पाहून 100 पैकी गुण देतात. 85 किंवा त्याखाली गुण म्हणजे नापास. आणि हे गुण जगात कोणालाही वाचता येतील असे जाहीर होतात.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. उलट्या-जुलाब झालेल्या प्रत्येकाची नोंद जहाजाने ठेवायची. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी शंभरात 3 जण आजारी पडले की ती साथ जाहीर होते. प्रवासी वेगळे मोजायचे, कर्मचारी वेगळे मोजायचे. म्हणजे खालच्या मजल्यावरचे आजारपण वरच्या मजल्याच्या सरासरीत बुडवता येत नाही. त्या जहाजांवर न्याय नांदतो असे आम्ही म्हणत नाही. योकोहामाचे उदाहरण वर दिलेच आहे. पण मोजमापाचा हा नियम योग्य आहे.

नियम असूनही जहाजांवर साथी येतातच. बहुतेक वेळा त्या नोरोव्हायरसच्या असतात. हा विषाणू फार चिवट. अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. दाराच्या कडीवर, नळाच्या तोटीवर, ताटाच्या काठावर तो टिकतो. दारात ठेवलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीला तो फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहते पाणी यांनीच हात धुवावे लागतात. आणि तो जहाजांचाच रोग आहे असेही नाही. केरळच्या वायनाड जिल्ह्यात पूकोडे इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या 13 विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2021 मध्ये नोरोव्हायरसची लागण झाली होती. तिथे नमुने तपासले गेले म्हणून रोगाला नाव मिळाले. आमच्याकडे पोरांना जुलाब लागले की 'काहीतरी खाल्लं असेल' एवढ्यावर विषय मिटतो.

जहाजांवरच्या साथी आपल्या कानावर जास्त येतात, कारण जहाजे मोजली जातात. आमची वसतिगृहे कागदावर निरोगी दिसतात, कारण ती मोजली जात नाहीत. जानेवारी 2022 मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया' जहाजावर एक कर्मचारी बाधित आढळला, तर सुमारे 2,000 जणांची तपासणी झाली आणि 66 बाधित निघाले. एका माणसावरून सगळ्या जहाजाची तपासणी! आम्ही म्हणतो, हे योग्यच झाले. मग एका मुलाला जुलाब लागले तर सगळ्या वसतिगृहाची टाकी का तपासली जाऊ नये?

इथे काही लोक हमखास एक युक्तिवाद करतात. "ही मुलं घरूनच अस्वच्छ येतात, त्यांना सवयच नसते." हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि बोलणारा दरवेळी शिकलेला असतो. या वाक्यामागे जुना रोग आहे. आपल्या देशात स्वच्छता कधी पाण्यावरून ठरलीच नाही, ती शिवणाऱ्यावरून ठरली. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि आपल्या माणसांनी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' कसे केले? शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या 108 घागरी त्यात ओतून! जे पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटले म्हणे, ते शेणाने शुद्ध झाले. शुद्धता आणि स्वच्छता यांत किती अंतर आहे ते समजायला याहून वेगळा पुरावा नको. शुद्धता विचारते, तू कोण? स्वच्छता विचारते, पाण्यात काय आहे? जहाजाचा तपासनीस दुसरा प्रश्न विचारतो. आमच्या वसतिगृहांना अजून पहिलाच प्रश्न विचारला जातो.

साधी गोष्ट आहे. एका नळावर चाळीस मुले आणि साबणाचा एक तुकडा असेल, तर कलेक्टरचे पोरही हात न धुताच जेवायला बसेल. सवय सोयीतून लागते. आम्ही जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात गेलो होतो. टाकीला झाकण नव्हते. शेवटची कधी धुतली, ते कोणालाच सांगता आले नाही. तक्रारवही मात्र होती, कोरी. एका मुलाने हळूच सांगितले, "साहेब येणार असले की आदल्या दिवशी फिनेलचा वास येतो." त्या मुलाने तपासणीचे सगळे शास्त्र एका वाक्यात सांगितले. सांगून येणारा तपासनीस वसतिगृह तपासत नाही, तो फक्त आदल्या दिवशीची झाडलोट पाहून जातो.

दुसरा युक्तिवाद पैशाचा. जहाज कंपन्यांकडे पैसा आहे, सरकारकडे कुठे? पण आम्ही जे मागतो आहोत त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. न सांगता जायला जास्तीचे डिझेल लागत नाही. गुण फाटकावर लिहायला एक खडू पुरतो. आणि कायदे तर आहेतच. वसतिगृहाची खानावळ 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या बाहेर नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की शासनाने माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करावी. आश्रमशाळांतल्या मृत्यूंबाबत डॉ. सुभाष साळुंके समितीने 2016 मध्ये अहवाल दिला. अहवालांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो पालकाच्या हातात पडणाऱ्या कागदाचा.

म्हणून वाशिम जिल्ह्यातल्या प्रत्येक शासकीय, अनुदानित आणि खासगी वसतिगृहासाठी, निवासी शाळेसाठी आणि आश्रमशाळेसाठी आमच्या पाच मागण्या आहेत.

पहिली, वर्षातून दोनदा न सांगता तपासणी आणि 100 पैकी गुण. दुसरी, ते गुण मराठीत, मोठ्या अक्षरांत, वसतिगृहाच्या फाटकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर. तिसरी, रोजची आजारपणाची नोंदवही. शंभरात 3 मुले आजारी पडली की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि पालकांना कळवायचे, पाणी आणि अन्नाचे नमुने घ्यायचे. चौथी, स्वयंपाक करणाऱ्या बाईला जुलाब लागले तर पगारी रजा, आणि बरे वाटल्यानंतरही दोन दिवस तिला चुलीपासून सुट्टी. रोजंदारी बुडेल या भीतीने ती आजारपण लपवत असेल तर दोष तिचा नाही. पाचवी, संडास साफ करायला पगारी माणूस, त्याला हातमोजे आणि बूट, आणि हे काम कोणत्याही मुलाच्या गळ्यात बांधायचे नाही. कोणत्या मुलाच्या गळ्यात ते पडते, हे आम्हाला सांगायची गरज नाही.

काही हितचिंतक म्हणतील, एवढा गाजावाजा केला तर पालक घाबरून मुलांना घरी नेतील. आम्हालाही तीच भीती आहे, पण उलट कारणाने. साथ लपवली की अफवा पसरते, आणि अफवेने मूल घरी गेले की ते पुष्कळदा परत येत नाही. मुलगी तर येतच नाही. तिचे लग्न ठरते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आमच्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर वसतिगृहाच्या भाकरीवर शिकला. वसतिगृह ही आमच्यासाठी मुक्तीची जागा आहे, म्हणूनच ती घाण ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पालकहो, पुढच्या वेळी लेकराला सोडायला जाल तेव्हा टाकीवर चढून झाकण पाहा. आजारपणाची वही मागा. शेवटची तपासणी कधी झाली आणि काय लिहिले, ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तो लिहून द्यायला आम्ही बसलो आहोत. मौजेसाठी समुद्रावर गेलेल्या माणसाला जर आपल्या ताटाची स्वच्छता किती गुणांची आहे हे कळू शकते, तर शिकण्यासाठी घर सोडून आलेल्या मुलाच्या आईलाही ते कळलेच पाहिजे.

जय भीम!