नागपूर करार आणि कायमच्या अल्पमतातला विदर्भ

२८ सप्टेंबर उजाडला की विदर्भवादी कार्यकर्ते नागपूर कराराची होळी करतात. १९५३ साली याच दिवशी यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांनी या करारावर सह्या केल्या. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. संयुक्त महाराष्ट्रात आल्यास राजधानी जाईल आणि विधिमंडळात आपण सदैव अल्पमतात राहू, ही वैदर्भीयांची धास्ती दूर करण्यासाठी हा सत्तावाटपाचा मसुदा होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तरी अखेर कराराचीच वाट धरली गेली.

या कराराचे काय झाले? विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. २०२० आणि २०२१ मध्ये त्यात खंड पडला. उच्च न्यायालयाचे खंडपीठही आहे. मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि सरकारी नोकऱ्यांत वाटा, ही खरी मोलाची कलमे विस्मरणात गेली. याचे कारण उघड आहे. अधिवेशन भरले नाही तर ते साऱ्या राज्याला दिसते. नोकरभरतीत टक्का घसरला तर तो फाइलींतच राहतो. दांडेकर समितीने १९८४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटींचा होता.

दोष केवळ राज्यकर्त्यांच्या नियतीत नव्हता, तो शब्दांतही होता. निधीवाटपाच्या कलमाला करारातच 'एकच सरकार असण्याच्या गरजांना अधीन राहून' अशी पुस्ती होती. पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात 'लोकसंख्येच्या प्रमाणात' जाऊन 'न्याय्य वाटप' आले, तेही 'संपूर्ण राज्याच्या गरजांना अधीन राहून'. शिवाय विकास मंडळांबाबत राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू 'शकतात', सोपवलीच पाहिजे असे नाही. १९५६ ची ही तरतूद, आणि मंडळे अवतरली १९९४ मध्ये!

बेल्जियमच्या घटनेत पंतप्रधान वगळता डच आणि फ्रेंच भाषक मंत्र्यांची संख्या समान ठेवावी लागते. एखादे विधेयक भाषक गटांच्या संबंधांना गंभीर बाधा आणते असे वाटल्यास त्या गटाचे तीन चतुर्थांश सदस्य ते रोखून फेरविचारास पाठवू शकतात. २८८ पैकी ६२ आमदारांच्या विदर्भाजवळ असे कोणतेही अस्त्र नाही. मुख्यमंत्रिपद मिळाले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस हे सारे विदर्भाचेच. वसंतराव तर सलग ११ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते, आणि दांडेकर समितीने मोजलेल्या अनुशेषाचा बराचसा काळ त्यांच्याच कारकिर्दीचा आहे. बहुमताच्या बळावर मिळालेली खुर्ची बहुमताच्या सोयीनेच चालवावी लागते, हे त्यांच्या पक्षाला ठाऊक होते. विदर्भवाद्यांना मात्र हा मुद्दा आजही अडचणीचा वाटतो.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. पण असा निर्णय झाला तरी आदेश राष्ट्रपतींनीच काढायचा असतो, आणि कलमातला 'शकतात' हा शब्द १९५६ पासून जागचा हललेला नाही.