खवट

दिवाळी झाली आणि आईचा फोन आला. चिवडा खवट लागत होता म्हणे, सगळा टाकून दिला. आणि मग हळूच, "पुढच्या वर्षीपासून विकतचंच आणा गं. मला आता वाससुद्धा धड कळत नाही."

जिच्या चिवड्यासाठी आत्या स्वतःचा रिकामा डबा आधीच धाडून द्यायची, तिने असं म्हणावं? फार लागलं मला.

रविवारी तिच्या ओट्याशी उभी राहिले आणि गुन्हेगार सापडला. मीच!

त्याचं असं आहे, आईकडे वर्षानुवर्षं शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा यायचा. तो फडताळात, अंधारात. रोजच्या वापराला स्टीलची झाकणाची किटली. संपली की घासून, कोरडी करून मगच पुन्हा भरायची. मला ते जुनाट वाटे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी तिला चोचीची काचेची बाटली दिली. आतलं सोनेरी तेल काय सुंदर दिसायचं! शेजारी गॅस, मागे पश्चिमेची खिडकी. सोबत घाण्याच्या तेलाचा पाच लिटरचा पारदर्शक कॅन. घरात माणसं दोन. कधी संपणार तो?

तेलाला उजेड, ऊब आणि हवा सोसत नाही. मी तिन्ही पुरवल्या. बरं, त्या बाटलीत हात जात नाही, मग आई जुन्यावरच नवं तेल ओतायची. हवेने बिघडलेलं थोडंसं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. विरजणच म्हणा ना! मी बाटली हुंगली तर थेट जुन्या खोबऱ्याचा वास. रोज तोच वास घेणाऱ्या आईला तो कसा कळावा? (आणि आम्ही मेले शेंगदाण्यांना नावं ठेवत होतो.)

सुटं तेल नको, हे मान्यच. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळलं गेलं, माणसं दगावली, आणि त्याच वर्षी खाद्यतेल बंद पॅकिंगमध्ये विकण्याचा केंद्राचा आदेश निघाला. पण पॅकिंगने भेसळीला आळा बसतो, पारदर्शक बाटलीने उजेड थोडाच अडतो? घाण्याच्या शुद्ध तेलाचे गोडवे गाणारे दुकानदार तेच तेल काचेत भरून दारात उन्हात मांडतात, तेव्हा मला खरंच राग येतो. वरची 'बेस्ट बिफोर' तारीखही सील न फोडलेल्या, नीट ठेवलेल्या मालाची. आपण फोडल्यावर तिचा काय उपयोग?

असो. आता आईकडे एक-एक लिटरची पिशवी येते, किटली माळ्यावरून उतरली आहे, आणि बाटलीत मी मनी प्लँट लावलाय. आईला मात्र अजून पटलेलं नाही. तिचं एकच, नाक गेलं माझं.

आत्या, मामा, हे वाचत असाल तर तिला एक फोन करा. आणि चिवड्याचा डबा धाडा.