मोजणीबाहेरचे रान

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. खारदांड्याच्या कोळीवाड्यात या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या दिसतात. अंगणात जाळ्यांची डागडुजी चाललेली असते. माणसांचा मोठा उद्योग असा थबकलेला असताना निसर्गाचा एक तितकाच मोठा उद्योग मात्र याच सुमारास ऐन भरात असतो. कोळीवाड्याच्या दक्षिणेस कार्टर रोडलगत शिल्लक राहिलेल्या तिवरांच्या चिखलात आणि उत्तरेस बोरिवलीच्या डोंगरात, पडलेले पान, मोडलेली फांदी, मेलेले खोड यांची विल्हेवाट लावण्याचे काम बुरशी आणि भूछत्रे अहोरात्र करीत असतात. या उद्योगाची दखल कोणत्याही दफ्तरात नाही. झाडे मोजली जातात, बिबटे मोजले जातात, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी मोजले जातात. परंतु ज्यांच्या कष्टावर हे सारे उभे आहे त्या कवकांची मोजणी करावी, असे ना शासनाला वाटते, ना महापालिकेला, ना बहुतेक महाविद्यालयांना.

या उपेक्षेला जुना इतिहास आहे. मनुस्मृतीने लसूण आणि कांदा यांच्याबरोबर कवकांनाही द्विजांच्या ताटातून हद्दपार केले. पुढे शहरी पांढरपेशा समाजाने त्यांना ‘कुत्र्याची छत्री’ असे नाव देऊन विषय संपविला. मात्र ज्यांचा रानाशी रोजचा संबंध राहिला त्यांची भाषा या बाबतीत दरिद्री नाही. कोकणात अळंबी आहे, विदर्भात सात्या आणि टेकोडे आहेत. फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारे लाकडासारखे कठीण कवक कोकणातल्या आजीबाईच्या बटव्यात फणसोंबा या नावाने होते आणि तान्ह्या मुलाचे तोंड आले की ते उगाळून लावले जाई. म्हणजे निरीक्षण होते, नावे होती, उपयोग माहीत होते. उणीव होती ती एवढीच, की हे ज्ञान कागदावर उतरले नाही आणि ज्यांच्या हाती कागद होता त्यांना ते ज्ञान नव्हते.

कागदावर उतरविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र नाही. फादर ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंनी मुंबई इलाख्यातील खारफुटीवर लिहिलेला लेख १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुसा येथे बटलर यांनी भारतीय कवकांच्या अभ्यासाची पायाभरणी सुरू केली. मालवणचे सुपुत्र शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थेत कवकशास्त्राची एक भक्कम परंपरा निर्माण झाली. अजरेकरांचे नाव धारण करणारा वाळविलेल्या कवकांचा संग्रह आजही तेथे आहे. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली महाराष्ट्रातील कवकांची सूची १९७१ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसिद्ध केली. तिच्यामागे रानावनांतून आणि शेतांतून केलेली दीर्घ पायपीट आहे. ही परंपरा शहरातल्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचली नाही, हे दुर्दैव होय.

खारदांड्याच्या किनाऱ्यापुरता विचार केला तरी या अभ्यासाचे मोल ध्यानात येते. तिवराचे हिरवे पान कोळंबीच्या फारसे उपयोगाचे नसते. ते पिकून चिखलात पडले, की काही तासांतच त्यावर बुरशी व तत्सम सूक्ष्म जीव वस्तीला येतात. ते पानातील चिवट तंतू फोडतात, स्वतः वाढतात आणि त्यामुळे कुजणाऱ्या पानातील प्रथिनांचे प्रमाण उलट वाढत जाते. हा पौष्टिक चोथा खेकडे, कोळंबी आणि माशांची पिले खातात, आणि त्यांच्यावर मोठे मासे जगतात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या खारफुटीत १९६०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या संशोधनाने ही साखळी स्पष्ट केली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर क्रिब या दांपत्याने १९५५ साली खारफुटीच्या मुळांवरील कवकांची नोंद करून या अभ्यासाचा आरंभ केला होता. त्याच्या तपशिलात न शिरताही कोळ्याला एवढे ठाऊक असते, की तिवर गेले की खाडीतली कोळंबी जाते. त्या दोन घटनांना जोडणारा दुवा बुरशी हा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून हिशेबातून गळतो.

खारफुटीला आता कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर तिच्या तोडीला मनाई केली आणि २०१८च्या निकालात ती भूमिका अधिक ठामपणे मांडली. २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु सार्वजनिक कामासाठी तोड अपरिहार्य ठरली, की तिची भरपाई रोपांच्या संख्येने केली जाते. इतकी झाडे गेली, तितक्याच्या अनेक पटींनी लावू, असे आश्वासन मिळते आणि प्रश्न मिटला असे समजले जाते. जुन्या खाजणात दशकानुदशके साचलेले कुजके लाकूड आणि त्यात नांदणारी कवके कोणत्या खात्यात जमा करावयाची, हा प्रश्न विचारला जात नाही. ओळीने लावलेल्या एकाच जातीच्या रोपांचे शेत आणि जुने खाजण यांना कागदावर एकच किंमत येते.

डोंगराकडची कथा निराळी नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे रान आणि त्याला लागून असलेली आरे वसाहत ही मुंबईकरांची मिरासदारी आहे. पहिल्या सरींनंतर येथील वारुळांच्या आसपास अळंबी उगवते. तिचा देठ जपून उकरत गेले तर तो मुळासारखा लांबत थेट वाळवीच्या घरापर्यंत पोहोचतो. वाळवी आपल्या घरात पालापाचोळ्याच्या चोथ्यावर हे कवक पिकविते आणि त्यावर जगते. वाळवीवाचून ते वाढत नाही, आणि म्हणूनच ही चवदार अळंबी माणसाला अद्याप बाजारासाठी शेतात पिकविता आलेली नाही. एका लहान जातीच्या बाबतीत तर वाळवीच चोथ्याचे तुकडे जमिनीवर आणून टाकते आणि त्यावर शेकडो इवल्या छत्र्या एकदम उगवतात. उपनगरांच्या कडेकडेने पावसाळ्यात आदिवासी स्त्रिया पानांच्या पुड्यांतून जी अळंबी विकावयास बसतात तिच्यामागे हा कीटक-कवकांचा जुना करार आहे. बांधकामासाठी जमीन सपाट करताना वारूळ हा केवळ मातीचा ढिगारा समजला जातो. तो गेला की अळंबी गेली, आणि त्या स्त्रीची दोन महिन्यांची मिळकतही गेली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतील २,१४१ झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी तोडली गेली तेव्हा मोठा वाद झाला. तो वाद बाजूने आणि विरोधात दोन्हीकडून बुंध्यांच्या संख्येवर लढला गेला. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. कायदाच बुंधे मोजतो. नागरी क्षेत्रातील वृक्षजतनाचा १९७५चा कायदा वृक्षांपुरता आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत प्राण्यांची व वनस्पतींची नावे आहेत. कवके यांपैकी कशातच बसत नाहीत. शास्त्राने त्यांना वनस्पतींहून वेगळी सृष्टी मानले त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले. चिली या देशाने २०१०नंतर आपल्या पर्यावरणविषयक कायद्यात आणि प्रकल्पांच्या आघात-अहवालांत कवकांना स्थान दिले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या प्रजाती आयोगाने २०२१ साली प्राणी व वनस्पती यांच्या जोडीने कवकांचा स्वतंत्र उल्लेख करण्याचा आग्रह धरला. भारतातही हे होण्यास कोणतीही तात्त्विक अडचण नाही.

ज्या शहरात लोकलमध्ये उभे राहावयास जागा नाही, पावसात घरात पाणी शिरते आणि घराचे हप्ते फेडता फेडता आयुष्य सरते, तेथे बुरशीची गणती हा रिकाम्या वेळचा छंद नव्हे काय, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो टिकत नाही. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया गावात एका सडलेल्या खरबुजावरील बुरशी कोणीतरी टाकून न देता प्रयोगशाळेत पोहोचविली. पेनिसिलिन भरपूर प्रमाणात तयार करणे शक्य झाले ते तिच्या वंशामुळे. पुढे १९५४ साली पिंपरीस उभा राहिलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना याच शोधाचे फळ होय. कोणते निरीक्षण उद्या कामास येईल हे आज सांगता येत नसते; ते करून ठेवणे एवढेच आजच्या माणसाच्या हाती असते.

दुसरे उदाहरण सामान्य माणसाला अधिक जवळचे वाटेल. इंग्लंडमधील सॉल्झबरी गावाच्या परिसरात एडवर्ड गँज या हौशी निरीक्षकाने १९५०पासून पुढे अनेक दशके भूछत्रांच्या तारखा वहीत टिपून ठेवल्या. हा गृहस्थ प्राध्यापक नव्हता. त्याच्या वह्या त्याच्या शास्त्रज्ञ पुत्राने तपासल्या, आणि २००७ साली असे प्रसिद्ध झाले की ३१५ जातींच्या नोंदींवरून शरद ऋतूतील भूछत्रांचा हंगाम सरासरी ३३ दिवसांवरून सुमारे ७५ दिवसांवर गेला आहे. हवामान बदलत असल्याचा तो एक बिनतोड पुरावा ठरला. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासूनच्या पावसाच्या नोंदी आहेत. परंतु तो पाऊस पडल्यावर बोरिवलीच्या रानात पहिली अळंबी कोणत्या तारखेस उगवली, अशी सलग वही शोधावयास गेल्यास हाती काही लागत नाही. पावसाचे वेळापत्रक विस्कटल्याची तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. त्याचा रानावर काय परिणाम झाला हे सांगणारा साक्षीदार मात्र उभा करता येत नाही.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. रानातील भूछत्रांविषयी कुतूहल वाढावे. ती खाण्याची हौस वाढू नये. विषारी भूछत्र शिजविताना चांदीचे नाणे काळे पडते, किडे लागलेले भूछत्र निर्धोक असते, हे समज साफ खोटे आहेत. काही जातींतील विष शिजवून जात नाही आणि त्याची लक्षणे सहा तासांनंतर, कधी तर दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. तोपर्यंत यकृताचा नाश सुरू झालेला असतो. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानातील भूछत्रे खाऊन मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या तेराच्या घरात गेली होती, आणि त्यांत चहामळ्यांतील गरीब कुटुंबे होती. ओळखणाऱ्या आदिवासी स्त्रीचे ज्ञान हे पिढ्यांचे आहे. मोबाइलवरचे एक छायाचित्र पाहून ते कोणास येत नाही. रुग्णालयात रोगी आल्यावर त्याने काय खाल्ले हे सांगू शकणारा जाणकार शहरात असावा, एवढ्या एका कारणासाठीही हा अभ्यास जिवंत राहिला पाहिजे.

करावयाचे काय, हे फार अवघड नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर लोकजैवविविधता नोंदवहीची जबाबदारी टाकली आहे. माधव गाडगीळ यांनी रुजविलेल्या या कल्पनेचा गाभाच असा होता, की स्थानिक माणसाचे ज्ञान स्थानिक माणसाने नोंदवावे. या नोंदवहीत कवकांचे स्वतंत्र पान असावे. कोळीवाड्यातील आणि पाड्यांवरील वृद्धांची साक्ष त्यात नावानिशी उतरावी. प्रकल्पांच्या आघात-अहवालांत निदान एका पूर्ण पावसाळ्याची कवक-पाहणी सक्तीची करावी. कोरड्या महिन्यांत केलेली पाहणी या बाबतीत निरुपयोगी असते. वृक्षारोपणाच्या आकड्यांबरोबर जुने लाकूड आणि पालापाचोळा जागेवर राखल्याचा हिशेब मागावा. किनारा स्वच्छ करावयास जाणाऱ्या स्वयंसेवकांनी प्लॅस्टिक जरूर उचलावे, पण कुजके लाकूड तेथेच राहू द्यावे. ते घाण नव्हे.

यापलीकडचे काम शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे आणि रविवारी सुटी असणाऱ्या नोकरदारांचे आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तारीख, ठिकाण, भूछत्र मातीवर होते की लाकडावर, लाकूड कोणत्या झाडाचे, टोपीच्या खालच्या पट्ट्यांचा रंग, वास, देठाच्या बुडाशी पिशवीसारखा भाग आहे किंवा नाही, एवढे लिहिले आणि एक छायाचित्र काढले तरी नोंद पुरी होते. एखादी टोपी अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवली, तर सकाळी बीजाणूंचा सुबक ठसा उमटतो. शाळकरी मुलाला याहून चांगला शास्त्राचा धडा देता येणार नाही. अशा वह्या दहा-वीस वर्षे नेमाने लिहिल्या गेल्या आणि एखाद्या महाविद्यालयाने त्या सांभाळल्या, तर पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला आणि न्यायालयापुढे उभ्या राहणाऱ्या नागरिकालाही पुरावा मिळेल.

नारळी पौर्णिमेला खारदांड्याचा कोळी दर्याला नारळ अर्पण करतो आणि नव्या हंगामाची वाट धरतो. त्याच्या जाळ्यात यावयाची कोळंबी मधल्या काळात कोणी पोसली, याची जाण ठेवण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही. ज्या शहराने त्याचे खाजण बुजवून आपले रस्ते आणि इमारती उभ्या केल्या, त्या शहरावर ती अधिक आहे. एक वही आणि एक पावसाळा, एवढ्यापासून तिचा आरंभ करता येईल.