राबाचा वाटा

पेठमध्ये पावसाळा म्हणजे लावणीची घाई. राबात वाढवलेलं भाताचं, नागलीचं रोप उपटायचं आणि दुसऱ्या जागी लावायचं. खेळातही हेच चालतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर, कितीही वेळा वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येतं. मधल्या फळीतले संघ पोरं घडवतात, बडे संघ उभं पीक नेतात.

म्हणून खेळाडूला अडवायचं? मुळीच नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत सरावासाठी नाशिकला आली. २०१० मध्ये दहा हजार मीटरमध्ये राष्ट्रकुलचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेचं रौप्य तिने आणलं. प्रश्न मागे राहिलेल्या मैदानाचा आहे. फिफाच्या नियमानुसार व्यावसायिक खेळाडूच्या हस्तांतरणाच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपल्याकडे पाड्यावरच्या क्रीडाशिक्षकाच्या वाट्याला काय येतं? फार तर सत्काराचा नारळ.

रोप जाऊ द्या, ते जायलाच हवं. पण पुढच्या हंगामाचं बियाणं राबापर्यंत पोहोचवा.

— संपादक